ड्रमचा मूळ पाठ

आमचा एक माजी विद्यार्थी ड्रम वाजवतो. एम.ए.ला असताना मागच्या बाकावर बसून तो दोन बोटांनी बाक वाजवीत असे आणि त्याबद्दल आम्ही त्याला दोनतीनदा वर्गाबाहेरही काढले होते. पुढे त्याने व त्याच्या तीन मित्रांनी मेटल बँड काढला. गीते मराठीत लिहिली. त्यामुळे शुद्धलेखन तपासून देण्याच्या निमित्ताने का होईना, त्यांच्या ध्वनिमुद्रणाचे आम्हांला बोलावणे आले. पुण्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, मे महिन्यात, पंखा बंद करून आम्ही सहा दिवस बसलो. (पंखा बंद, कारण माइकला तो ऐकू येतो. दुपारी १ ते ४ ड्रमही बंद, कारण ते शेजारच्या आजोबांना ऐकू येतात.) सातआठ महिन्यांनी तो विद्यार्थी घरी आला, त्याने तयार झालेली गाणी ऐकवली आणि चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, "सर, हे मी वाजवलेलं नाही."

दुसऱ्या कोणी वाजवले होते असे नव्हे. प्रत्येक ठोका त्याचाच होता. पण तो संगणकावर थोडा पुढेमागे सरकवून कालरेषेवरच्या चौकटीत बसवलेला होता आणि किक व स्नेअर या दोन मुख्य ड्रमांच्या बाबतीत तर त्याच्या ठोक्याचा आवाज काढून तेथे दुसऱ्याच कोणाच्या ड्रमचा, विकत मिळणारा तयार आवाज ठेवलेला होता. मेटलमध्ये हे सर्रास चालते आणि ऐकणाऱ्यांना बहुधा ठाऊकही असते. तरीही त्याच्या त्या वाक्याने आम्ही अस्वस्थ झालो, आणि पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाने अस्वस्थ व्हावे असेच ते प्रकरण आहे असे आम्हांला वाटते.

आधी त्या सहा दिवसांविषयी. घरात ड्रम ध्वनिमुद्रित करणे म्हणजे काय असते याची कल्पना आम्हांला नव्हती, बहुतेक वाचकांनाही नसेल. गिटार घरात सहज मुद्रित होते. तार जोडली की झाले. गायकाला कपड्यांच्या कपाटासमोर उभे केले तरी भागते. ड्रमचे तसे नाही. किक, स्नेअर, तीन टॉम, हाय-हॅट आणि तीनचार सिंबल, अशी ती नऊ-दहा वाद्ये एकाच माणसाच्या चार अवयवांनी एकाच वेळी वाजतात आणि खोली त्यात आणखी एक वाद्य म्हणून भाग घेते. मुलांकडच्या यंत्राला एका वेळी आठच माइक जोडता येत होते. किकला एक, स्नेअरला वरून एक व खालून एक, टॉमना तीन आणि डोक्यावर दोन, असे आठ संपले.

खोली दहा बाय बारा फुटांची. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनीच्या लाटा अडकून बसतात, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. त्याचा अर्थ तेथे कळला. दहा फुटांच्या अंतरात सुमारे ५६ हर्ट्झची लाट अडकते, बारा फुटांत सुमारे ४७ हर्ट्झची. किक ड्रमचा तळ नेमका याच परिसरात असतो. परिणामी त्या खोलीत एका कोपऱ्यात उभे राहिले की किक छातीवर बसे, आणि चार पावले सरकले की नाहीशी होई. भिंतींना गाद्या, रजया आणि गिटारवाल्याच्या आजीच्या दोन गोधड्या लावल्या. त्यांनी सिंबलची किरकिर कमी झाली, तळाचा घुमारा जसाच्या तसा राहिला. गोधडीने एवढी लांब लाट थोपत नाही. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा जो सल्ला सगळीकडे दिला जातो तो तर निव्वळ भाबडेपणा आहे. त्याने शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज थांबत नाही. शेवटी उपयोगी पडला तो सर्वांत कंटाळवाणा उपाय: ड्रमचा संच दोनदोन फूट सरकवत, पुन्हा वाजवून, पुन्हा ऐकत खोलीतली बरी जागा शोधणे. यात पूर्ण एक सकाळ गेली, आणि ती सकाळ हीच त्या सहा दिवसांतली सर्वांत फलदायी होती असे आमचे मत आहे.

मेटलच्या किकबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तिथे व्याकरण आहे. या संगीतात दोन्ही पायांनी किक वाजवतात आणि लय मिनिटाला २०० मात्रांपर्यंत सहज जाते. एका मात्रेत चार ठोके धरले तर सेकंदाला तेरांहून अधिक ठोके होतात, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ७५ मिलिसेकंदांचे अंतर उरते. ५० हर्ट्झच्या लाटेला एक आवर्तन पुरे करायला २० मिलिसेकंद लागतात. तेव्हा किकचा खोल सूर जेमतेम पावणेचार वेळा हेलकावतो न हेलकावतो तोच पुढचा ठोका येऊन आदळतो. ड्रमला मनमोकळे घुमू दिले तर सगळ्या ठोक्यांचा मिळून एक चिखल होईल. म्हणून ड्रमच्या पोटात उशी घालतात, कठीण टोकाचा बीटर वापरतात, माइक कातड्याच्या जवळ नेतात (कातडे म्हणायचे एवढेच, ते प्लास्टिकचे असते) आणि घुमाऱ्याऐवजी आघाताची 'टक्' पकडतात. ज्याला आपण ड्रमचा स्वर म्हणू तो छाटून व्यंजन तेवढे ठेवायचे. शाळेत आपण व्यंजनाचा पाय मोडायला शिकलो. इथे पायाने वाजणाऱ्या ड्रमचाच पाय मोडावा लागतो. तबल्यातही द्रुत लयीत बायाचा घुमारा हाताने आवरावा लागतोच. जाणकार नसलेले लोक मेटलच्या किकला टंकलेखन यंत्राचा आवाज म्हणून हसतात. तो आवाज लयीच्या गणितातून आलेला आहे आणि त्याला हसण्याचे कारण नाही.

आता माइकांचे भांडण. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. स्नेअरचा ठोका त्याच्या जवळच्या माइकला लगेच ऐकू येतो, मीटरभर वरच्या माइकला साधारण तीन मिलिसेकंदांनी. दोन्ही साक्षी एकत्र केल्या की काही कंप्रता परस्परांना खोडून टाकतात आणि स्नेअर पोकळ वाटू लागतो. म्हणून डोक्यावरचे दोन्ही माइक स्नेअरपासून समान अंतरावर आहेत ना, हे मुलांनी सुतळी धरून मोजले. खालच्या माइकचे तर आणखीच निराळे. ठोका पडला की पडदे माइकपासून दूर जातात ते वरच्या माइकच्या लेखी. खालच्या माइकच्या लेखी ते जवळ येतात. त्याची साक्ष उलटी करून घेतल्याशिवाय दोघांचे जुळत नाही. शिवाय स्नेअरच्या माइकमध्ये हाय-हॅट शिरलेली, टॉमच्या माइकांत सिंबल शिरलेल्या. ड्रमच्या ध्वनिमुद्रणात सुटा शब्द मिळतच नाही; प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा संदर्भ चिकटून येतो.

हा संदर्भ नको असणाऱ्याला तयार आवाजांचा मोह होतो. तयार आवाज स्वच्छ असतो. त्यात हाय-हॅट नसते, खोली नसते, शेजारच्या आजोबांची धास्ती नसते. बँडच्या गिटारवाल्याने, जो ध्वनिमुद्रणाचेही काम पाहत होता, तेच केले. त्याला आम्ही खलनायक ठरवू इच्छित नाही. दिवसभर नोकरी करून रात्री दोनदोन वाजेपर्यंत जागून त्याने एकेक ठोका सरकवला, आणि ते बँडच्या भल्यासाठीच केले. त्याची एकच चूक झाली. चौकटीपासून ढळलेला प्रत्येक ठोका त्याने लेखनिकाचा प्रमाद मानला.

पाठचिकित्सेच्या पहिल्या चार तासांत आम्ही विद्यार्थ्यांना जे सांगतो ते इथे सांगावेसे वाटते. हस्तलिखिते उतरवणारे लेखनिक अवघड पाठ सोपा करीत जातात. सोपा पाठ कोणी मुद्दाम अवघड करीत नाही. म्हणून दोन पाठांपैकी अवघड पाठ हा मूळ असण्याचा संभव अधिक. बँडच्या तिसऱ्या गाण्यात मध्येच लय अर्ध्यावर येते आणि गिटारी जड पावलांनी चालू लागतात. तेथे आमचा विद्यार्थी स्नेअर किंचित उशिरा मारीत होता. आम्ही समोर बसून पाहिले आहे. हात वर थांबत असे आणि मग पडत असे. दर वेळी तेवढाच उशीर, म्हणजे तो प्रमाद नव्हता. त्या उशिरामुळे गाण्याला वजन येत होते. संगणकाच्या पडद्यावर मात्र तो ठोका रेषेच्या उजवीकडे थोडा सरकलेला दिसतो, एवढेच. गिटारवाल्याने तो रेषेवर आणला. अवघड पाठ गेला, सोपा आला.

आणि इथे पुण्यातल्याच एका उदाहरणाची आठवण होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. हजाराहून अधिक हस्तलिखिते तपासून सिद्ध केलेली ही संहिता शब्दशः अशी कोणत्याही एका हस्तलिखितात सापडत नाही. ज्याला ध्वनिमुद्रणाच्या परिभाषेत अनेक टेकमधून जुळवलेला टेक म्हणतात, तोच हा प्रकार. पहिल्या टेकमधले आठ आवर्तनांचे वाक्य, चौथ्यातले पुढचे चार, सहाव्यातला शेवट; जे अखंड कोणीच वाजवले नाही असे वादन. तत्त्वतः त्यात वावगे काही नाही. परंतु वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पृष्ठाच्या खालच्या अर्ध्यात पाठभेद दिले, वगळलेले श्लोक दिले, आणि जेथे संपादकाला खात्री नव्हती तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ ओढली. वाचकाला संपादकाशी भांडता येते, ते त्या रेघेमुळे. मेटलच्या ध्वनिमुद्रणात नागमोडी रेघ नसते. कोणता ठोका हाताचा, कोणता संपादकाचा, कोणता दूरच्या एखाद्या खोलीत भलत्याच माणसाने मारलेला, हे ऐकणाऱ्याला कळायची सोय नसते; आणि आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर वाजवणाऱ्यालाही कळेनासे झाले.

यावर मिळणारे उत्तर आम्हांला माहीत आहे. मेटलच्या गिटारी एवढ्या विकृत (हा दूषणार्थी शब्द नव्हे, तांत्रिक आहे) आणि दाट असतात की ऐकू येण्याजोगी बरीचशी जागा त्याच व्यापतात. नैसर्गिक ड्रम त्यात बुडून जातो, म्हणून त्याला तयार आवाजाचा टेकू द्यावाच लागतो. हे खरे आहे. मूळ ठोक्याच्या खाली तयार आवाज हलकेच मिसळणे आणि मूळ ठोका पुसून टाकणे या मात्र निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला आम्ही टीप म्हणू, दुसरीला प्रक्षेप.

आणि यंत्राचाच आवाज हवा असेल तर तसे उघड म्हणावे. स्वीडनच्या मेशुगा या बँडने २००५ च्या 'कॅच थर्टीथ्री'वर ड्रम वाजवले नाहीत, संगणकावर रचले. आवाज त्यांच्याच ड्रमवादकाच्या, टोमास हाके याच्या, ड्रमवरून आधी घेऊन ठेवलेले होते, आणि ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. त्या ध्वनिमुद्रिकेला कोणी खोटी म्हणत नाही, म्हणूही नये. ती वादनाची नोंद नाही, लेखन आहे. उलट टोकाला नॉर्वेचे डार्कथ्रोन. १९९४ चे त्यांचे 'ट्रान्सिल्वेनियन हंगर' फेनरिझने घरच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केले; गायन तेवढे सहकाऱ्याचे, ड्रमसकट बाकी सर्व वाद्ये त्याची. आवाज बारीक, खरखरीत, भिंतीपलीकडून आल्यासारखा. त्या मर्यादेतून एक शैली उभी राहिली आणि पुढे चांगल्या स्टुडिओत जाण्याची ऐपत असलेल्यांनीही तिचे अनुकरण केले, ही गोष्ट वेगळी आणि थोडी गमतीची. मेटॅलिकाच्या २००३ च्या 'सेंट अँगर'वरचा स्नेअर, खालच्या तारा सैल सोडल्यामुळे डब्यासारखा वाजणारा, आजही थट्टेचा विषय आहे. आम्हांलाही तो आवडत नाही. तरी तो कोणीतरी ठेवलेला पाठ आहे, दुरुस्त करून सभ्य केलेला नाही, एवढा मान आम्ही त्याला देतो.

घरगुती ध्वनिमुद्रणाविषयी आमची खरी तक्रार मात्र वेळेची आहे. भाड्याच्या स्टुडिओत तासाचे पैसे मोजावे लागतात. तेथे चार तासांत ड्रम उरकायचे आणि उरलेले नंतर संगणकावर सावरायचे, हा हिशेब समजण्याजोगा आहे. घरात हा हिशेब लागू नाही. घरात चांगले माइक नसतात, उंच छत नसते, जाड भिंती नसतात. वेळ मात्र असतो. आणि आमच्या मुलांनी सहा दिवस वाजवले आणि सहा महिने दुरुस्त केले! हे प्रमाण उलटे का नसावे? ड्रमचे पडदे नवे घालून ते जमेपर्यंत चाव्या फिरवण्यात एक आठवडा जावा. खोलीतली जागा शोधण्यात आणखी काही दिवस. ड्रमवादकाने मुद्रित झालेले ऐकावे, झोपून उठून पुन्हा वाजवावे. डावा पाय उजव्याहून हलका पडत असेल तर महिनाभर त्या पायावर मेहनत घ्यावी आणि मग पुन्हा माइक लावावेत. तयार आवाज डाव्या पायाचा हलकेपणा एका क्षणात झाकतो. त्याबरोबर डावा पाय सुधारण्याचे कारणही नाहीसे होते. मग बँड मंचावर उभा राहतो तेव्हा लोकांना गाणी घरी ऐकली त्यापेक्षा दुबळी वाटतात आणि सगळा दोष ड्रमवादकाच्या वाट्याला येतो. आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमके तेच घडले. त्यानंतर त्याने वाजवणे कमी केले. सध्या तो एका शाळेत शिकवतो.

शिवाय आणखी दोन साध्या गोष्टी कराव्यात. मूळ टेक, न छाटलेले, न सरकवलेले, वेगळ्या डिस्कवर जपून ठेवावेत. हस्तलिखित जाळून छापील प्रत तेवढी ठेवण्याचा उद्योग कोणी शहाणा माणूस करीत नाही. आणि ड्रमवादकाच्या नावापुढे, किकला व स्नेअरला तयार आवाज वापरले आहेत, अशी एक ओळ छापावी. त्या ओळीने कोणाचेही नाक कापले जात नाही.

जिन्याची गोष्ट राहिली. १९७१ साली लेड झेपेलिनच्या चौथ्या ध्वनिमुद्रिकेसाठी इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात जॉन बोनमचा ड्रमसंच जिन्याच्या तळाशी मांडला गेला आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी दोन माइक वरच्या मजल्यावरून टांगले. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चा तो आवाज त्या जिन्याचा आवाज आहे. ही गोष्ट घरात ड्रम मुद्रित करणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असते आणि बहुतेकांचे ती नुकसानच करते. हेडली ग्रेंजच्या जिन्याला तीन मजल्यांची उंची होती. साडेनऊ फुटी सिमेंटच्या छताखाली तसा एक माइक लांब ठेवला तर कर्कश पत्रा तेवढा ऐकू येतो. पण आमच्या मुलांच्या बंगल्याला जुना, लाकडी कठड्याचा, दोनदा वळणारा जिना होता. पाचव्या दिवशी आमच्या विद्यार्थ्याने हट्ट धरला की स्नेअरखालचा माइक काढून तो जिन्यात, वळणावर ठेवायचा आणि खोलीचे दार उघडे टाकायचे. अर्धा तास वाद झाला. शेवटी दोन गाणी तशी मुद्रित झाली. पूर्ण झालेल्या मिश्रणात तो माइक बंद करून टाकलेला आहे, कारण सरकवलेल्या ठोक्यांशी त्याची साक्ष जुळत नव्हती.

चहा झाल्यावर आम्ही विद्यार्थ्याला विचारले, की तो जिन्यातला ट्रॅक आहे का अजून. होता, त्याने आपल्यापुरता जपून ठेवला होता. आम्ही दोघांनी तो सुरुवातीपासून ऐकला. आधी स्टिकवर स्टिक आपटून चार मोजलेले. मग तिसरे गाणे, दूरचे, लाकडाचा वास यावा असे, किक अस्पष्ट, डावा पाय हलका. लय अर्ध्यावर आली तेव्हा त्याने मान खाली घातली आणि दोन बोटे टेबलावर ठेवली. स्नेअर उशिरा पडला, दर वेळी तेवढाच उशिरा. मध्येच खालच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली.